आप्पा हार्टने गेले

आमचे आप्पा हार्टने गेले, हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा बोलले आहे की ते कसं बोलायचं हे माझ्या जिभेला पाठ आहे. आधी जरासं थांबायचं. मग आवाज थोडा खाली घेऊन "हार्टने" म्हणायचं. समोरचा विचारतो, "आधी काही त्रास?" त्यावर "नाही हो, बसल्या जागी." झालं, पुढे कोणी खोदत नाही. उलट पुण्यवान माणूस म्हणून दोन शब्द कौतुकाचेच बोलतात.

खरं सांगायचं तर आप्पा बसल्या जागी वगैरे गेले नाहीत. अकरा महिने खोकून खोकून गेले. फुप्फुसाचा कॅन्सर. माणूस शाळेत क्लार्क. बिडी-सिगारेट सोडा, सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलं नाही. त्यांच्या चार वर्षं आधी त्यांची सख्खी बहीण, आमची आत्या, गावाला त्याच रोगाने गेली होती. अठ्ठेचाळीस वर्षांची. तिच्या वेळी सगळे म्हणाले, चुलीचा धूर. आप्पांच्या वेळी म्हणाले, गिरणीचा धूर, कारण आमची परळची खोली गिरणीच्या भिंतीला लागून होती. ज्याला त्याला आपापला धूर मिळाला. एकाच आईच्या पोटच्या दोघांना एकच रोग कसा, हा प्रश्न घरात कुणी काढला नाही. मी स्वतःला फार शहाणी समजायचे, पण मीही नाही काढला.

आप्पांच्या माघारी परळची खोली सोडून आई, मी आणि माझी धाकटी बहीण अशा तिघी नेरूळला आलो. नेरूळ तेव्हा अर्धं बांधून झालं होतं आणि पाव भरलं होतं. रस्ते हे एवढे रुंद आणि त्यावर चालायला माणूस नाही. आमच्या मजल्यावर चार दारं, त्यातली तीन कुलपाची. लोक घर घेऊन ठेवायचे आणि राहायचे मुंबईतच. जिन्यात पावलं वाजली की आम्ही तिघी कान टवकारायचो, आणि पावलं वरच्या मजल्यावर निघून जायची. आई चाळीत आयुष्य काढलेली बाई. ती म्हणायची, "इथे मेलं तरी वास सुटेपर्यंत कुणाला पत्ता लागायचा नाही." मला जवळच पावणे एमआयडीसीत एका पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात नोकरी लागली होती. तिथे दिवसभर केमिकलचा वास, पण निदान बोलायला माणसं होती.

मला बघायला पहिलं स्थळ आलं ते डोंबिवलीचं. पत्रिका आधीच जुळलेली, फोटो पसंत. पोहे झाले, चहा झाला, आणि मुलाच्या काकांनी सहज विचारलं, "वडील कशाने गेले?" आई तोंड उघडायच्या आत मी सांगून टाकलं, "लंग कॅन्सरने. आत्यापण त्यानेच." विचारलं म्हणून सांगितलं, त्यात काय एवढं. काकांनी बशी खाली ठेवली. मुलाच्या आईने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे तोंडाकडे नाही, छातीकडे. जसं काही तिला तिथून आतलं दिसणार होतं. आठवड्याने निरोप आला की पत्रिकेत दोष निघाला. जुळलेल्या पत्रिकेत दोष कुठून निघाला ते त्या ग्रहांना ठाऊक.

दुसरं स्थळ ठाण्याचं. त्यांनीही तेच विचारलं आणि मीही तेच सांगितलं. तिसऱ्याच्या वेळी आईने मला आत बोलावून झापलं. "तुझ्या जिभेला काही हाड आहे का? झाकली मूठ सव्वा लाखाची, कळतं का तुला?" मी म्हटलं, "मला मूठ झाकून संसार करायचा नाही." वय तसं होतं आणि तोरा त्याहून मोठा होता. तिसरं स्थळही गेलं. मग हळूहळू कोणी येईनासं झालं.

त्याचं मला आता फारसं काही वाटत नाही. वाटतं ते पुढे मी जे केलं त्याचं.

धाकटी माझ्याहून सहा वर्षांनी लहान. दिसायला माझ्यापेक्षा बरी आणि स्वभावाने तर कुणीही उचलून न्यावी अशी. तिच्यासाठी कळंबोलीचं स्थळ आलं तेव्हा मीच पदर खोचला. माझं झालं ते झालं, हिचं होऊ द्यायचं नाही. माणसं मूळची साताऱ्याकडची, साधी. मुलगा अबोल, पण डोळ्यांत खोट नव्हती. ते बघायला यायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो आणि मी तिची तोंडी परीक्षा घेतली.

"आप्पा कशाने गेले?"

"हार्टने."

"आत्या?"

"म्हातारपणाने."

"अठ्ठेचाळिसाव्या वर्षी म्हातारपण येतं का गं?"

"मग काय सांगू?"

"तापाने सांग. गावाकडचा ताप कसलाही असतो."

ती हसायला लागली. हसताना तिच्या हातातली निवडलेली पानं देठांत पडली. "ताई, तूच म्हणायचीस ना, खोटं बोलायचं नाही म्हणून?"

"खोटं बोल पण रेटून बोल. परत म्हण. आप्पा कशाने गेले?"

असं आम्ही दहा वेळा तरी म्हटलं असेल. शेवटी शेवटी ती न हसता, न अडखळता, अगदी डोळ्यांत थोडं पाणी आणून "हार्टने" म्हणायला लागली. मी तिच्या पाठीवर थाप मारली. आई कॉटवरून ऐकत होती. एरवी प्रत्येक गोष्टीला नाट लावणारी बाई, त्या दिवशी गप्प राहिली.

लग्न झालं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी विचारलं नाही आणि वीस दिवसांनीही विचारलं नाही; जे विचारायचं ते बघण्याच्या कार्यक्रमात विचारून झालं होतं, आणि आम्ही चोख उत्तर दिलं होतं. दोन वर्षांत धाकटीला मुलगी झाली. त्यानंतर वर्षभरात आई गेली, आणि गंमत बघा, आई मात्र खरोखरच हार्टने गेली. बसल्या जागी, टीव्हीसमोर. लोकांना ते सांगताना मला चोरट्यासारखं झालं. एकदा खोट्याला वापरलेलं वाक्य खऱ्याला वापरताना जीभ अडखळते.

मग मी एकटी उरले. एकटं म्हणजे किती एकटं, तर दुधाची अर्धा लिटरची पिशवी मला दोन दिवस पुरायची आणि तिसऱ्या दिवशी नासायची. भाजी एका वेळची केली तरी दोन वेळा तीच खायची. रेडिओ मी आंघोळीला जातानाही चालू ठेवायचे, बाहेर आल्यावर घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून. फोनसाठी नाव घातलं होतं, तो लागला तेव्हा पहिला फोन धाकटीला केला. तिने विचारलं, "कशाला फोन केलास?" मी म्हटलं, "अगं, फोन लागला म्हणून." मग ती म्हणाली, "रविवारी ये." रविवारी मी जायचेच. कळंबोलीच्या बसमध्ये बसले की मला माणसात आल्यासारखं वाटायचं. तिच्याकडे सासू, नवरा, पोरगी, शेजारीपाजारी, सगळं भरलेलं. पोरगी मला "मावशी" म्हणून अंगावर झेपावायची. तिची आजी, म्हणजे धाकटीची सासू, मला ताटावर आग्रह करायची. "खावा ताई, तुमी काय घरी एकट्यापुरतं करता व्हय?" मी त्यांना काकू म्हणायचे. त्या घरात मला माझं स्वतःचं असं काही नव्हतं, तरी तेच मला घर वाटायचं. हे नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पोरगी सहा वर्षांची होती त्या वर्षी धाकटीला खोकला झाला. कोरडा, बारीक. कळंबोलीला लोखंडाचा बाजार, रात्रंदिवस ट्रकची ये-जा, त्यामुळे काकू म्हणाल्या, "ट्रकांचा धूर." मीही मान हलवली. बघा, तिलाही तिचा धूर मिळाला. जवळच्या डॉक्टरने दोनदा खोकल्याचं औषध दिलं. दीड महिना झाला तरी जाईना, वजन उतरलं, तेव्हा पनवेलला एका छातीच्या डॉक्टरकडे नेलं. मी अर्धी रजा टाकून गेले. केबिनमध्ये आम्ही चौघं, धाकटी, तिचा नवरा, काकू आणि मी. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. उजव्या बाजूला एक डाग होता. ते म्हणाले, बहुतेक टीबी वाटतोय. मग पेन उचलून विचारलं, "घरात कोणाला छातीचा काही आजार? आई, वडील, आत्या, काका? टीबी, कॅन्सर, काहीही?"

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. काकू माझ्या डाव्या बाजूला बसल्या होत्या, मांडीवर पिशवी घेऊन.

मी जरासं थांबले. मग म्हणाले, "नाही. वडील हार्टने गेले."

"हार्टने," धाकटी म्हणाली. अगदी जशी शिकवली होती तशीच.

डॉक्टरांनी कागदावर एक आडवी रेघ मारली आणि पुढचं लिहायला घेतलं. मला ती रेघ अजून दिसते.

टीबीची औषधं सुरू झाली. थुंकीत जंतू सापडले नव्हते, पण असं होतं कधी कधी, असं ते म्हणाले. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. टीबी म्हणजे आपल्याकडे घराघरातला रोग, गोळ्या खाल्ल्या की जातो. मी स्वतःची समजूत काढली की डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलंय, माझ्या सांगण्या-न-सांगण्याने काय फरक पडणार होता. धाकटीला त्या गोळ्यांनी लघवी केशरी व्हायची, त्यावर ती हसायची. "ताई, माझ्यात केशर निघतंय, देवाला नेऊ का?" पहिला महिना असा हसण्यात गेला. दुसऱ्या महिन्यात तिचा आवाज बसला.

मी तिला एकदा गॅलरीत गाठून म्हटलं, "आपण त्या डॉक्टरला खरं सांगू या का?"

तिने पहिल्यांदा आत पाहिलं, काकू कुठे आहेत ते. मग म्हणाली, "नको. त्यांना वाटेल फसवून दिली. ताई, मला हे घर पाहिजे. माझी मुलगी आहे इथे. औषध चालू आहे ना?"

"वजन वाढत नाहीये पण."

"वाढेल. तू आता तोंड उघडू नकोस. आयुष्यभर उघडलंस, एवढ्या एका वेळी मिटून ठेव."

तिने ते चेष्टेत म्हटलं. पण माझ्या मनाला ते लागलं आणि पटलंही. मीच तिला शिकवलेलं, आता मीच मोडायचं कसं? शिवाय माझ्या मनात दुसरंही होतं, ते कोणाला सांगितलं नाही. त्यांनी धाकटीला परत पाठवलं तर पाठवलं, पण मला त्या घराचं दार बंद होईल, रविवार जातील, ही भीती मला होती. बहिणीच्या जिवापेक्षा मी माझे रविवार मोठे धरले असं नाही म्हणत. पण ते तराजूत होते, हे खरं आहे. माणूस स्वतःशी तरी किती रेटून बोलणार?

आमच्या सेक्टरच्या कोपऱ्यावर शेजारच्या शिरवणे गावची एक मासेवाली बसायची. गावातली मूळची, तोंडाने फटकळ. मी एकटीपुरते दोन बांगडे घ्यायचे, त्यावरून ती मला रोज बोलायची. त्या दिवसांत तिच्या पायाला पट्टी बांधलेली दिसली. विचारलं तर म्हणाली, "साखर हाय गो मना. जखम सुकत नाय." मग माझे बांगडे साफ करता करता आपोआप सुरू झाली. "आमच्या घरान समद्यांना हाय. बापासला व्हती, भावाला हाय, मना पन हाय. मी डाकतरकडं गेलं का पयलं त्येच सांगतंय, त्यानं इचारायच्या आधी. पोरीला पन सांगून ठेवलंय. लपवून काय, रोग काय पलून जातंय?"

मी तिथे पिशवी घेऊन उभी राहिले. इतका साधा हिशोब. चार इयत्ता न शिकलेली बाई उन्हात बसून सांगत होती, आणि मी ऑफिसात टाइपरायटर चालवणारी बाई आडव्या रेघेत गप्प बसले होते. मला स्वतःचा संताप आला. तरीही त्या दिवशी मी काही केलं नाही. बांगडे तळले आणि अर्धेच खाल्ले.

केलं ते पुढच्या रविवारी. धाकटी पलंगावर पडली होती, मी तिच्या केसांना तेल लावत होते. म्हटलं, "जरा या कुशीवर वळ, म्हणजे मागचे होतील." ती वळली आणि लगेच परत फिरली. म्हणाली, "त्या कुशीवर नाही झोपवत. दुखतं." मग थोड्या वेळाने, डोळे मिटून, "ताई, आत्यापण अशीच एका कुशीवर झोपायची ना?"

तिला सगळं कळलेलं होतं. केव्हापासून, ते मी विचारलं नाही.

सोमवारी मी ऑफिसला गेलेच नाही. एकटी पनवेलला गेले आणि नंबर लावून डॉक्टरांसमोर बसले. म्हटलं, "मी तुमच्याशी खोटं बोलले होते. वडील लंग कॅन्सरने गेले, आत्या त्यानेच गेली. दोघंही बिडी-सिगारेट न ओढणारे." ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फाइल मागवली, ती रेघ शोधली आणि तिच्यावर लिहायला लागले. लिहिता लिहिता म्हणाले, "वडील आणि आत्या. म्हणजे रक्ताची दोन माणसं. अशा घरात धोका इतरांपेक्षा जास्त असतो, सिगारेट नसली तरी. मला हे माहीत असतं तर पहिल्याच आठवड्यात तुकडा काढून तपासायला पाठवला असता." मी विचारलं, "तेव्हा सापडला असता तर वाचली असती?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "असं मी म्हणणार नाही. नसती वाचली असंही म्हणणार नाही. चार महिने मिळाले असते, एवढं नक्की."

पुढचं सगळं लवकर झालं. तपासणी, मग मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलच्या खेपा, मग तेही सांगायला लागले की आता घरीच न्या.

काकूंना मीच सांगितलं. त्यांच्या स्वयंपाकघरात, त्या भाकरी थापत असताना. म्हटलं, "काकू, आम्ही तुम्हाला फसवलं. तिचं काही नाही, सगळं माझं डोकं होतं." त्यांचे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी त्यांनी ती उलटली नाही. मग म्हणाल्या, "सांगितलं असतं तर म्या ही सोयरीक केली नसती. हे खरंय." आणि मग नवीन भाकरी थापायला घेतली.

मी वाट बघत होते की आता बोलतील, मग बोलतील. धाकटीला तिच्या माहेरी न्या म्हणतील. माहेर म्हणजे मीच, आणि माझी एक खोली. काहीच नाही. त्या बाईने साडेचार महिने धाकटीचं सगळं केलं. हगणं-मुतणं काढलं, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी तिला वळवलं, एका कुशीवर वळवता येत नव्हतं तर उशा लावून बसवलं. नवऱ्याने रजा संपल्यावर बिनपगारी घेतली. ज्या घराला घाबरून मी चार महिने तोंड शिवून बसले, ते घर असं होतं. मला ते आधी कळलं नाही, कारण मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. हे मला जितकं टोचतं तितकं दुसरं काही टोचत नाही.

धाकटी गेली तेव्हा तेहेतीस वर्षांची होती. पोरगी सातवं लागलेली.

तेराव्याला मंडळी जेवून गेल्यावर काकूंनी मला आतल्या खोलीत बोलावलं. दार लोटून घेतलं. त्यांचा चेहरा रडून सुजला होता. म्हणाल्या, "ताई, झालं ते झालं. तुमाला म्या एका शब्दानं बोलले न्हाई."

"नाही बोललात, काकू."

"आता माझं एक ऐका. पोरीला उद्या उजवायची हाय. आजा, आत्या आणि आता आई. हे बाहेर गेलं तर कोण करील तिला? आपण सांगायचं, आई हार्टनं गेली."

कुठून शिकली ही बाई? आमच्याकडूनच.

आता मी जे केलं ते बरोबर केलं की नाही, अजून मला कळत नाही. मी म्हटलं, "काकू, मी नाही सांगणार. तुम्हीही सांगू नका. उद्या पोरीला खोकला झाला आणि डॉक्टरने विचारलं तर ती काय सांगेल?"

"तवाचं तवा."

"धाकटीच्या वेळीही आम्ही तसंच म्हटलं होतं."

काकूंनी पदराने तोंड पुसलं. मग उठल्या, माझ्या ओटीत नारळ घालायला घेतला आणि थांबल्या, कारण तेराव्याला ओटी भरत नाहीत, आणि माझी तर एरवीही भरत नसत. नारळ त्यांनी परत परातीत ठेवला. "मग तुमी काही दिस येऊ नका, ताई," त्या म्हणाल्या. "पोरीम्होरं तुमच्या तोंडाचा भरवसा न्हाई मला." रागाने नाही म्हणाल्या. दमलेल्या आवाजात म्हणाल्या, म्हणून मला भांडताही आलं नाही.

काही दिवस म्हणजे किती, हे ठरलं नव्हतं. दोन रविवार, चार रविवार, मग दिवाळी गेली. मी कळंबोलीच्या बसच्या स्टॉपवर जाऊन उभी राहायचे आणि बस आली की चढायचे नाही. वेड्यासारखं वाटतं ना? मलाही वाटायचं. घरी येऊन रेडिओ लावायचे. फोनचा रिसीव्हर उचलून बघायचे, चालू आहे ना म्हणून. एकदा मलाच पंधरा दिवस खोकला झाला, तेव्हा मी नेरूळच्या डॉक्टरकडे गेले आणि त्यांनी नाव विचारायच्या आधी सांगायला लागले, वडील, आत्या, बहीण. ते म्हणाले, "बाई, आधी बसा तरी." फोटो काढला, काही निघालं नाही. निघालं नाही हे सांगायलाही मला घरी कुणी नव्हतं. मासेवालीला सांगितलं. ती म्हणाली, "बरा झाला. आज तरी तीन घे."

वर्ष होऊन गेल्यावर एका दुपारी फोन वाजला. सुट्टीचा दिवस होता.

"मावशी, मी बोलतेय. आजी झोपलीय."

नंबर तिला कसा माहीत, विचारलं. म्हणाली, "आईने पाठ करून घेतला होता." मग एकदम हळू आवाजात, "आमच्या शाळेत डॉक्टर आले होते. सगळ्यांना तपासलं. मला विचारलं, आई कशाने गेली? मी सांगितलं, हार्टने. मग त्यांनी माझं हार्ट खूप वेळ ऐकलं, मावशी. सगळ्यांपेक्षा जास्त वेळ. परत परत ऐकलं. माझ्या हार्टला काय झालंय?"

मी रेडिओ बंद केला.

"काही नाही झालं," मी म्हटलं. "तुझं हार्ट चांगलं आहे. आईचंही चांगलं होतं."

"मग?"

काकूंचा चेहरा डोळ्यांसमोर आला. त्यांनी जे केलं होतं माझ्या बहिणीसाठी, तेही आलं. मी मनात त्यांची माफी मागितली आणि तोंड उघडलं.

"आई लंग कॅन्सरने गेली. लंग म्हणजे फुप्फुस, श्वासाचं. आईचे आप्पा त्यानेच गेले, आईची आत्या त्यानेच गेली. हे गल्लीत कुणाला सांगायचं नाही, आजीला आवडणार नाही. पण डॉक्टरने विचारलं तर हेच सांगायचं. शाळेतला असो, कुठलाही असो. आणि मोठी झाल्यावर त्याने विचारलं नाही तरी सांगायचं. म्हण बघू. आई कशाने गेली?"

"लंग कॅन्सरने."

"आईचे आप्पा?"

"लंग कॅन्सरने."

"आत्या?"

"त्यानेच." मग ती थांबली. तिचा श्वास मला फोनमधून ऐकू येत होता, स्वच्छ, लहान मुलाचा. "मग मला पण होणार?"

"होईलच असं नाही. बहुतेक नाहीच होणार. पण सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे झालाच तर लवकर सापडतो."

"आईचा लवकर नाही सापडला?"

"नाही. मी सांगितलं नव्हतं म्हणून."

हे मी कोणाला, स्वतःलासुद्धा इतक्या सरळ कधी म्हटलं नव्हतं. आता पोरगी फोन ठेवेल असं वाटलं.

"मावशी, तुला खोकला आहे का?"

"नाही."

"खरं सांग."

"खरंच नाही गं."

"आजी उठली," ती घाईने म्हणाली. "मी उद्या याच टायमाला करते. परत म्हणून दाखवते." आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारली, बाजारातून मेथीची जुडी आणली आणि सकाळपासून फोनजवळ ती निवडत बसले.